गिअर केव्हा बदलायचा? : ‘केव्हा’च्या ज्ञानाविषयी

मागच्या व्याख्यानात आपण ‘नियम’ या संकल्पनेपाशी थांबलो होतो. नियमाप्रमाणे वागणं आणि नियम समजून वागणं यांत फरक आहे, इथवर आपण आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, की सर, हे सगळं ठीक आहे, पण रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. सूचना रास्त होती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात उदाहरण म्हटलं की टेबल, खुर्ची, आणि फार झालं तर डोंगरावरचा धूर. तेव्हा आज आपण एकच प्रश्न घेऊ, आणि तो असा : जुन्या मोटारसायकलचा गिअर केव्हा बदलायचा हे आपल्याला कसं कळतं?

गिअर कसा बदलायचा हा प्रश्न नाही. तो अर्ध्या तासात शिकवता येतो. क्लच दाबा, मूठ सोडा, पाय चालवा, क्लच हळू सोडा. प्रश्न ‘केव्हा’चा आहे.

आमच्याकडे १९७२ची बुलेट आहे. (‘आमच्याकडे’ म्हणजे आमच्या एकट्याकडेच, पस्तीस वर्षं शिकवल्यावर स्वतःला अनेकवचनी बोलायची सवय लागते, ती आता जात नाही.) १९७८ साली अधिव्याख्याता असताना ती आम्ही जुनी म्हणून घेतली. तीनशे पन्नास. ही गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला जुळवायला आणि पुढे पूर्ण बनवायला लागले. इंजिनाचा मूळ आराखडा पुढे बरीच वर्षं फारसा बदलला नाही, त्यामुळे आमची गाडी ७२ची असली तरी स्वभावाने ती पन्नासच्या दशकातलीच आहे.

आजच्या गाड्यांवर बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर उचलून पडतो, आणि दुसरा, तिसरा, चौथा खाली दाबत. म्हणजे आजच्या गाडीच्या सगळं उलट. टाचेपाशी आणखी एक छोटा दांडा असतो, तो दाबला की चौथ्यातून, तिसऱ्यातून, दुसऱ्यातून गाडी थेट न्यूट्रलला येते. सिग्नलला फार सोयीचा. समोर स्पीडोमीटर आहे आणि अ‍ॅमीटर आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय हे दाखवणारा काटा नाही. आणि कितवा गिअर पडलाय हे दाखवणारा दिवा वगैरे तर नाहीच. म्हणजे ज्या गोष्टीवरून गिअर बदलायचा, नेमकी तीच गोष्ट गाडी तुम्हाला कुठेही लिहून दाखवत नाही.

आता गिअर म्हणजे काय, हे थोडक्यात. घाटाचा रस्ता नागमोडी का असतो? डोंगर सरळ चढला तर अंतर कमी पडेल, पण बैलाच्या छातीत तेवढा जोर नाही. म्हणून रस्ता फिरवून फिरवून नेतात. अंतर वाढतं, पण प्रत्येक पावलाला लागणारा जोर कमी होतो. खालचा गिअर म्हणजे गाडीच्या पोटातला हा नागमोडी रस्ता. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन जास्त वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात कमी ओझं ओढतं. वरचा गिअर म्हणजे सरळ चढ. फेरे कमी, पण प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त.

मग फेरे फार कमी आणि जोर फार जास्त झाला तर काय होतं? बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. लांब चालीचं इंजिन, आत जड फ्लायव्हील. त्यामुळे ते हळू फिरतानाही बरंच ओढतं, आणि इथेच फसगत होते. चौथ्यात तीसच्या वेगाने मूठ पूर्ण पिळली तरी गाडी बंद पडत नाही. कुरकुरत, हिसके देत पुढे जाते. माणसाला वाटतं, वा, काय ताकद आहे! पण कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला या गाडीत बेअरिंगऐवजी बुश आहे, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल ढकलणारा पंप इंजिनाच्याच गतीवर चालतो. फेरे कमी म्हणजे तेल कमी, आणि नेमक्या त्याच वेळी पिस्टनचा दणका सगळ्यात मोठा. मेकॅनिक लोक याला ‘गाडी ओढणं’ म्हणतात. ‘सर, गाडी ओढू नका,’ हे वाक्य आम्ही आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकलं आहे. उलट बाजूचा दोष, म्हणजे खालच्याच गिअरमध्ये इंजिन भणभणवत ठेवणं, हा सगळ्यांना कळतो, कारण तो आवाज सहन होत नाही.

तेव्हा ‘केव्हा’ या प्रश्नाचं उत्तर असं : इंजिनावरचा भार आणि इंजिनाची गती यांचं नातं बिघडायला लागलं की. आणि हे नातं कुठल्याही काट्यावर दिसत नाही. मग शिकवायचं कसं?

आम्हाला ज्यांनी ही गाडी शिकवली त्यांनी आकडे सांगितले होते. वीसला दुसरा, पस्तीसला तिसरा, पन्नासला चौथा. नवशिक्याला हे फार बरं वाटतं. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस हे दोघे भाऊ, एक तत्त्वज्ञ आणि एक गणिताकडचा. दोघेही बर्कलीचे. १९८० साली त्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी कौशल्य कसं मिळवलं जातं याचा एक आराखडा लिहिला, आणि पुढे १९८६ साली ‘माइंड ओव्हर मशीन’ या पुस्तकात तो विस्ताराने मांडला. पाच पायऱ्या : नवशिका, थोडा सरावलेला, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. गंमत म्हणजे नवशिक्याचं त्यांचं उदाहरण गाडीच्या गिअरचंच आहे. नवशिका वेगाच्या काट्यावरून गिअर बदलतो. पुढच्या पायरीवर तो इंजिनाचा आवाज ऐकून बदलायला लागतो. आणि तज्ज्ञ? त्याला विचार करावा लागत नाही, पाय आपोआप चालतो.

आकडे का पुरत नाहीत हे दिवे घाटात एका फेरीत कळतं. सासवडकडे जाताना चढावर पस्तीसला तिसरा टाकलात तर गाडी मरगळते. सासवडहून परत येताना उतारावर पंचवीसलाच टाकावासा वाटतो. मागे माणूस बसलेला असला तर वेगळं, समोरून वारा असला तर वेगळं, इंजिन थंड असलं तर आणखी वेगळं. मग म्हणाल, प्रत्येकासाठी वेगळा नियम करू. करा. पण आत्ता कोणता नियम लागू करायचा हे कोण सांगणार? त्यासाठी आणखी एक नियम? कांटने १७८१च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा फार स्वच्छ मांडलाय. नियम कुठे लावायचा हे सांगणारा नियम देता येत नाही, कारण तो देताच तोही लावावा लागतो. तो वैद्याचं उदाहरण देतो, न्यायाधीशाचं देतो. शास्त्र सगळं पाठ, आणि समोरचा रोगी कुठल्या सदरात मोडतो हेच कळत नाही. कांट म्हणतो, ही विवेकशक्ती शिकवता येत नाही, तिचा फक्त सराव करता येतो. गिल्बर्ट राइलने १९४५ साली, आणि मग १९४९च्या पुस्तकात, याच धर्तीचा युक्तिवाद ‘कसं करायचं’ या ज्ञानासाठी केला. प्रत्येक शहाण्या कृतीआधी मनात नियम वाचायचा म्हटलं, तर ते वाचणंही शहाणपणाने करावं लागेल, म्हणजे त्याआधी आणखी एक वाचन. कृतीपर्यंत आपण पोहोचणारच नाही. आणि घाटात तर मागे एसटी आहे.

पण आज आम्हाला मुख्यतः आपल्याकडच्या एका माणसाविषयी बोलायचं आहे, कारण त्याने जे सांगितलं ते गिअरच्या प्रश्नाला फार जवळून लागू पडतं. भर्तृहरी. साधारण पाचव्या शतकातला. ‘वाक्यपदीय’ हा ग्रंथ व्याकरणाचा, पण पहिल्या कांडात तो ज्ञानाच्या साधनांकडे वळतो आणि अनुमानावर विश्वास ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी ऐकवतो. एक म्हणजे, अवस्था, देश आणि काळ बदलला की वस्तूंच्या शक्ती बदलतात, म्हणून केवळ अनुमानाने त्यांचं ज्ञान होणं फार कठीण. चढ, वारा, थंड इंजिन, मागे बसलेला माणूस, हे सगळं या तीन शब्दांत बसतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की रत्नं आणि नाणी पारखणाऱ्यांना जे कळतं ते फक्त अभ्यासाने येतं, ते दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि ते अनुमान नाही.

हे तिसरं, ‘ते अनुमान नाही’, फार महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटतं, सराफ आधी चकाकी बघतो, मग वजन, मग मनातल्या मनात ‘ज्याअर्थी असं त्याअर्थी तसं’ करतो, फक्त पटकन करतो. भर्तृहरी म्हणतो, नाही. सराव झालेल्याला खोटेपणा दिसतो. तसंच सरावलेल्या माणसाला गिअर कमी पडतोय हे ऐकू येतं. तो आवाज ऐकून निष्कर्ष काढत नाही.

कसं ऐकू येतं तेही बघा, यात थोडं गणित आहे. बुलेटचं इंजिन एका सिलिंडरचं आणि फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिन नुसतं घुटमळत असलं तर सेकंदाला जेमतेम सात ठोके. तेच ते प्रसिद्ध धकधक. १५०० फेऱ्यांना सेकंदाला बारा-तेरा. ३००० ला पंचवीस. आता, सेकंदाला साधारण वीसच्या पुढे ठोके गेले की आपला कान ते सुटे ऐकत नाही. त्यांचा एक स्वर होतो. म्हणजे या गाडीचं निम्मं आयुष्य बरोबर त्या सीमेवर चालतं, जिथे ठोके मिसळून गुणगुण होते. तबल्याच्या अतिद्रुत लयीत बोल सुटे ऐकू न येता नुसती वाहती धार ऐकू येते ना, तसंच. सरावलेला माणूस त्या सीमेच्या आसपास खेळतो. धार तुटून ठोके सुटे झाले आणि तरीही मूठ उघडी ठेवावी लागतेय, तर खालचा गिअर. धार ताणली जाऊन कर्कश झाली, तर वरचा. हे आम्ही आता सांगतोय खरं, पण गाडी चालवताना चाळीस वर्षांत एकदाही असं मनात म्हटलेलं नाही.

आणखी एक. हे ‘केव्हा’ बहुधा थोडं आधीचं असतं. चढ लागल्यावर नव्हे, चढ दिसल्यावर. वळणात नव्हे, वळणाआधी. या गाडीचा गिअरबॉक्स संथ आहे. घाई केली तर दात करकरतात, किंवा मधेच खोटा न्यूट्रल लागतो आणि भर चढावर गाडी नुसती गुरगुरते. पायाने दांडा दाबून क्षणभर थांबावं लागतं. त्यामुळे भार आणि गतीचं नातं बिघडलं की बदलू म्हणणारा नेहमी उशीर करतो. बिघडणार आहे, हे ऐकू यावं लागतं. जे अजून घडलेलंच नाही ते ऐकू कसं येतं, हा प्रश्न तुमच्यावर सोडतो; पुढच्या वेळी कालाविषयी बोलायचं आहे, तेव्हा तो घेऊ.

हा अभ्यास ज्या गाडीवर झाला त्याच गाडीचा असतो, हेही नोंदवून ठेवू. आमच्या एका मित्राकडे टू-स्ट्रोक गाडी होती, जिच्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आम्ही ती एकदा लांब उतारावरून आणली, बुलेटच्या सवयीने. खालचा गिअर, मूठ पूर्ण बंद, इंजिनाच्या आधाराने सावकाश. बुलेटसाठी हे अगदी बरोबर. पण तिथे मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. पिस्टन जागच्या जागी धरला. मित्र फार सज्जन, त्याने फक्त एवढंच विचारलं, की तुझी पीएच.डी. ज्ञानमीमांसेतच ना?

इथपर्यंत सगळं नीट जुळतंय, नाही का? नियम नवशिक्याला, प्रत्यक्ष तज्ज्ञाला. वर्गात आम्ही हे असंच शिकवत आलो. भर्तृहरी, राइल, ड्रायफस, सगळे एका रांगेत उभे करून नियमांच्या पुस्तकाला थोडं हिणवायचं, मुलं खूश. पण चार वर्षांपूर्वी जे झालं त्यानंतर आम्हाला हे इतक्या सहजपणे म्हणता येत नाही.

वाईहून पाचगणीला चाललो होतो. पसरणीचा घाट. मागे आमची नात, तेव्हा अकरावीत. आम्ही चौथ्यात होतो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, गाडी छान धकधकत होती. अर्ध्या घाटात तिने खांद्यावर थाप मारली. ‘आबा, तुमच्या खिशात सुटे पैसे वाजतायत का?’ आम्ही म्हटलं, नाही गं, मागची पेटी हलत असेल. तिने पेटी धरून बघितली. म्हणाली, पेटी नाही. वर गेल्यावर आम्ही खिसे उलटे करून दाखवले. त्यावर दोघेही हसलो आणि विषय संपला.

दोन महिन्यांनी गाडीचा पिकअप गेला म्हणून मिस्त्रींकडे नेली. ते आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, गेली तीस वर्षं आमची गाडी त्यांच्याच हातची. ते म्हणाले, चला सर, एक चक्कर मारू, तुम्ही चालवा. मागे बसले. जवळच्या चढावर गेल्याबरोबर म्हणाले, ‘सर, नॉकिंग किती वाजतंय!’ आम्ही म्हटलं, कुठे? ते म्हणाले, ‘हे काय, आत्ता. खणखणतंय नुसतं.’ आम्ही मूठ तशीच धरून कान देऊन ऐकलं. आम्हाला धकधक ऐकू येत होती, चेनचा आवाज ऐकू येत होता, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. खणखण नव्हती.

नॉकिंग म्हणजे काय, तर सिलिंडरमधलं मिश्रण ज्योतीने शांतपणे जळण्याऐवजी त्याचा काही भाग अचानक, एकदम पेटतो आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा बारीक, उंच आवाज येतो. वरचा गिअर, कमी फेरे, मूठ उघडी आणि इंजिन तापलेलं, ही त्याची आवडती वेळ. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींना हँडलवर ठिणगी मागेपुढे करायचा वेगळा दांडाच असे, आणि स्वार हा बारीक आवाज आला की दांडा जरा मागे घेई. म्हणजे सगळी भिस्त कानावर.

हेड उघडल्यावर दिसलं ते असं. आत कार्बनचा जाड थर, टायमिंग थोडं पुढे गेलेलं, आणि पिस्टनच्या माथ्यावर एका कडेला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. दोष गाडीचा नव्हता, मिस्त्रींचाही नव्हता. आम्ही कित्येक महिने चुकीच्या वेळी गिअर बदलत होतो आणि आम्हाला ते बरोबर ‘ऐकू येत’ होतं.

मग कान तपासले. वयाने कान जातो तो आधी उंच आवाजांसाठी जातो, हे आता आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. आमच्या आलेखाची रेघ डावीकडे सपाट आणि उजवीकडे दिवे घाटासारखी खाली. ठोके खालच्या पट्टीतले, ते सगळे शाबूत. नॉकिंग उंच पट्टीतलं, ते पुसलं गेलं होतं. आणि पुसलं गेलंय याची काही खूण तिथे राहिलेली नव्हती. काळोखात दिसत नाही तेव्हा दिसत नाही हे तरी दिसतं. इथे तसं काही नाही. आमच्या दृष्टीने गाडी पूर्वीपेक्षा गोड चालली होती!

आता हे नीट बघा. नातीला आवाज ऐकू येत होता, पण तो कशाचा आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने तो खिशातल्या नाण्यांचा मानला. तिच्याकडे गिअर नसलेली स्कूटर, तिला हा आवाज माहीत असायचं कारणच नाही. आम्हाला त्या आवाजाचा अर्थ चाळीस वर्षं माहीत होता, आणि तो ऐकू येत नव्हता. त्या सकाळी पसरणीच्या घाटात, एकाच सीटवर, ‘चौथा गिअर चुकीचा आहे’ हे ज्ञान कोणाकडे होतं? आम्हाला वाटतं, कोणाकडेच नव्हतं. दोघांत मिळून त्याचे सगळे तुकडे होते, पण ज्ञान नव्हतं. तिने विचारलं तेव्हा ते तुकडे जुळू शकले असते. जुळले नाहीत, कारण तज्ज्ञाने नवशिक्याचं म्हणणं हसण्यावारी नेलं. हे आम्हाला पिस्टनपेक्षा जास्त लागलं.

भर्तृहरी चुकला असं आम्ही म्हणत नाही. सराफाला जे कळतं ते अभ्यासाने कळतं, सांगता येत नाही, अनुमानाने येत नाही, हे खरंच आहे. पण त्यातून एक निघतं, ज्याकडे आमचं लक्ष गेलं नव्हतं. जे ज्ञान अनुमानाने आलेलं नाही, ते चुकलं तर कुठे चुकलं हे शोधायला आतमध्ये पायऱ्याच नसतात. धुरावरून अग्नी म्हणणाऱ्याला आपण थांबवून विचारू शकतो, की बाबा, तो धूर होता का धुकं? ज्याला नुसतं दिसतं, त्याला काय विचारणार? त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तर ते त्याला स्वतःच्या पारखीतून कळणार नाही. खोटं निघालेलं नाणं परत घेऊन कुणीतरी दुकानात यावं लागेल. ड्रायफस बंधूंच्या पाच पायऱ्यांचं वर्णन सगळं चढण्याचं आहे, उतरणाऱ्या माणसाचं काय, हे आम्हाला त्यात कुठे दिसत नाही. आणि उतरणारा माणूस आपण पाचव्या पायरीवरच आहोत अशा समजुतीत असतो.

मग आम्ही काय केलं? काही सोपे उपाय आधी करून पाहिले. कानातलं यंत्र घेतलं. घरात फार उपयोगी, पण हेल्मेटमध्ये ते शिट्टी मारतं, वारा ऐकवतं, आणि मुख्य म्हणजे मोठे आवाज दाबून आणि बारीक उचलून सगळं एका पातळीवर आणतं. गाडी ओढतेय की सहज चाललीय हा फरकच त्यात सपाट होतो. म्हणून गाडीवर ते काढून ठेवतो.

त्यानंतर अंगाने ऐकायला शिकलो, आणि हा भाग खरोखर आनंदाचा होता. टाकीला गुडघे लावून बसायचं. गाडी ओढायला लागली की गुडघ्यांना एकेक हिसका सुटा कळतो, फूटरेस्ट तळव्याखाली थडथडतं, आरशातली मागची गाडी दुहेरी दिसायला लागते. तीन-चार महिन्यांत पाय पुन्हा आपोआप चालायला लागला. म्हणजे जे कळत होतं ते आवाजाविषयी नव्हतंच, ते भार आणि गतीच्या नात्याविषयी होतं. आवाज ही त्याची एक वाट होती, गुडघा ही दुसरी. सत्तरीत हे नव्याने शिकता आलं याचं आम्हाला अजून आश्चर्य वाटतं.

पण नॉकिंग गुडघ्याला कळत नाही. ते बारीक आहे, इंजिनाच्या थरथरीत बुडून जातं. त्याला अंगाने ऐकायची वाट आम्हाला सापडली नाही. तिथे सरळ नियम केला : चौथ्यात काटा पंचेचाळीसच्या खाली असेल तर मूठ अर्ध्याच्या वर फिरवायची नाही, तिसरा टाकायचा. चढ असो, उतार असो, बरं वाटो, वाईट वाटो. स्पीडोमीटरच्या काचेवर पंचेचाळीसपाशी नातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. कित्येकदा तो नियम पाळताना आतून वाटतं, की आत्ता काही गरज नव्हती. बहुधा नसतेच. पण गरज होती की नव्हती हे सांगणारा कान आमच्याकडे नाही, म्हणून वाटण्याला किंमत द्यायची नाही असं ठरवलं आहे. म्हणजे चाळीस वर्षांनी आम्ही ड्रायफस बंधूंच्या पहिल्या पायरीवर आहोत, काट्याकडे बघत. फरक इतकाच, की नियम का आहे हे आता माहीत आहे.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊ. ‘नियम का आहे हे ज्याला माहीत आहे तो नवशिका कसा? हे तर तुम्ही मागच्या वेळी केलेल्या भेदाविरुद्ध जातं.’ प्रश्न बरोबर आहे. आम्ही घाईत बोललो. पायरी पहिली नाही, पण पाचवीही नाही, आणि त्या शिडीवर तिला जागा दिसत नाही. इतकंच म्हणता येईल, की आम्ही नियम पाळतो तो पारख नाही म्हणून नव्हे, पारखीच्या एका कोपऱ्यावर भरवसा नाही म्हणून. डॉक्टर मंडळी अनुभव असूनही शस्त्रक्रियेआधी यादी वाचतात, त्यामागे असंच काहीतरी असावं. यावर पुन्हा बोलू.

दुसरी चिठ्ठी, अजून चालवता का? चालवतो, दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर. नातीने लायसन काढल्यावर गेल्या पावसाळ्यानंतर तिला शिकवायला घेतलं. वीस, पस्तीस, पन्नास सांगूनच सुरुवात केली, दुसरा मार्ग नाही. उजव्या पायाच्या गिअरने तिला आठवडाभर रडवलं, डाव्या पायाने ती गिअर शोधायची आणि ब्रेक लागायचा. आता ती पुढे आणि आम्ही मागे. नॉकिंग आलं की तिने नुसतं ‘आलं’ म्हणायचं, असा करार आहे. अडचण वेगळीच झालीय. चढावर ती गिअर आमच्यापेक्षा उशिरा खाली टाकते. आमचे गुडघे म्हणतात, आता, आता. आणि ती आणखी दहा-पंधरा फूट तसंच नेते. विचारलं तर म्हणते, आबा, अजून वाजलं नाही. तिचं चुकतंय असं आमचं अंग सांगतं, आमचे गुडघे घाबरट झालेत असं ती म्हणते. दोन हजार किलोमीटर झाले की हेड उघडून बघायचं मिस्त्रींशी ठरलं आहे. अजून तीनशे बाकी आहेत.